पाय टेकला की एक गुण : सगळ्यात हळू मोटारसायकल खेळाची ओळख

शाळेच्या क्रीडा महोत्सवात किंवा सोसायटीच्या गणपतीत ‘स्लो सायकल’ नावाची एक स्पर्धा असायची. चुन्याच्या दोन रेघा, मध्ये पंधरा-वीस मीटर अंतर, आणि जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. एरवी सायकल हाणणारी पोरं पहिल्या पाच सेकंदांत बाहेर व्हायची, आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला एखादा किडकिडीत मुलगा हँडल डावी-उजवीकडे झुलवत, जवळजवळ जागच्या जागी थरथरत शेवटपर्यंत टिकायचा. पुढे आरटीओत लायसन्स काढायला गेलं की तोच प्रकार. आठचा आकडा काढा. पाय टेकला? पुन्हा या.

त्या चुन्याच्या रेघांच्या जागी ओढ्यातले शेवाळलेले धोंडे घाला, सायकलच्या जागी सत्तर किलोची, सीट नसलेली मोटारसायकल घाला. बाकी नियम जवळजवळ तोच ठेवा. झाला ट्रायल्सचा खेळ.

मी साताऱ्यात स्कूटीवर आठ काढून लायसन्स मिळवलं आणि आता इंग्लंडात यॉर्कशरमध्ये राहते. मी बेचाळीस वर्षांची असताना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका रविवारी मला दगडाच्या जुन्या खाणीत नेलं. पाऊस पडत होता. साठेक माणसं होती, त्यात दहा वर्षांची पोरं होती आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही. कुणीच वेगात जात नव्हतं. एका आजोबांना कमरेएवढ्या दगडावरून गाडी उतरवताना पाहिलं. चालत उतरायला मला जेवढा वेळ लागला असता त्याहून जास्त त्यांना लागला. मोटारसायकलचा खेळ म्हणजे आवाज, धूळ आणि वेग, ही माझी समजूत तिथेच गळून पडली.

मोटोक्रॉसमध्ये मातीच्या ट्रॅकवर उड्या आणि शर्यत असते. एन्ड्युरोमध्ये लांब पल्ला आणि घड्याळ असतं. ट्रायल्समध्ये कुणाशी शर्यत नाही. प्रत्येक जण एकेकटा जातो, आणि प्रश्न एकच असतो: पाय न टेकवता पलीकडे पोचलात का?

गुण कसे मोजतात

मैदानात, ओढ्यात, झाडीत दोन्ही बाजूंनी फिती लावून छोटे छोटे पट्टे आखलेले असतात. त्यांना सेक्शन म्हणतात. सेक्शन फार लांब नसतो. पुष्कळदा पाच-पन्नास पावलांत संपतो. आत दिशा दाखवणारे बाण किंवा झेंड्या असतात: लाल खूण उजव्या हाताला ठेवायची, निळी डाव्या. याशिवाय इतर रंगांच्या खुणा वेगवेगळ्या पातळ्यांसाठी असतात, त्यामुळे एकाच सेक्शनमधून नवशिका दगडाला वळसा घालून जातो आणि मुरलेला गडी त्याच दगडाच्या डोक्यावरून.

सेक्शनशेजारी एक ऑब्झर्व्हर उभा असतो. एकदाही पाय टेकला नाही तर शून्य, म्हणजे ‘क्लीन’. एकदा टेकला तर एक. दोनदा टेकला तर दोन. तीनदा किंवा त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीनच. आणि पडलात, फितीबाहेर गेलात, खुणेच्या चुकीच्या बाजूने गेलात, गाडी मागे घसरली, तर पाच. बऱ्याच क्लबांच्या स्पर्धांत गाडी थांबली तरी पाच. शून्य, एक, दोन, तीन, पाच. चार नाहीच. हे चार का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. एकाने खांदे उडवले, दुसरा म्हणाला, ‘कधीच नव्हता.’

ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. नेहमीच्या क्लब स्पर्धेत साधारण दहा सेक्शन आणि त्यांच्या चार फेऱ्या, म्हणजे चाळीस वेळा परीक्षा. सगळीकडे पाच घेतलेत तर 200. दोघांची बेरीज सारखी आली तर ज्याचे क्लीन जास्त तो वर. पहिल्या स्पर्धेत माझे 131 झाले होते, आणि ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

‘तीन किंवा जास्त म्हणजे तीनच’ या नियमात खरी गंमत आहे. तीनदा पाय टेकून झाला की पुढे बिनधास्त दोन्ही पाय मारत, होडी वल्हवल्यासारखी गाडी ढकलत बाहेर काढायची. आणखी काहीच कापलं जाणार नसतं आणि पाच मात्र वाचतात. याहून शहाणपणाचा डाव म्हणजे ठरवून टेकलेला एक पाय. वळणाच्या नेमक्या त्या निसरड्या जागी तोल जाणारच आहे हे आधी ओळखायचं, तिथे एकदा पाय टेकून गाडी सरळ करायची आणि एकावर सुटायचं. माझ्यासारखी माणसं शून्याच्या हव्यासापायी पाच घेतात. मुरलेली माणसं एक घेऊन शांतपणे पुढच्या सेक्शनकडे जातात. मराठीत ‘हात टेकले’ म्हणजे हरलो. इथे वेळेवर पाय टेकणारा हरत नाही.

हा प्रकार आला कुठून

ट्रायल म्हणजे चाचणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारसायकली वाटेल तिथे बंद पडायच्या, पट्टे घसरायचे, चढावर स्वाराला उतरून ढकलावं लागायचं. म्हणून ब्रिटनमधल्या क्लबांनी खडे चढ निवडून गाड्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली: न थांबता, न ढकलता चढते का? पाय टेकणे म्हणजे गाडीला मदत करणे, म्हणून तो दोष. गाड्या सुधारल्या, रस्ते सुधारले, तसे चढ आणखी अवघड झाले आणि परीक्षा गाडीकडून माणसाकडे सरकली. नियमाचा गाभा मात्र तोच राहिला.

स्कॉटलंडची ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही या खेळाची पंढरीच. 1909 मध्ये तिची सुरुवात झाली आणि 1911 पासून ती सहा दिवसांची म्हणून ओळखली जाते. मे महिन्यात फोर्ट विल्यम गावी भरते, दिवसाला तीस सेक्शन, मधलं अंतर दलदल आणि डोंगरातून गाडीवरच कापायचं. जगज्जेते आणि शनिवार-रविवारचे हौशी एकाच यादीत असतात, कारण प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात.

आपल्याला जवळचा दुवाही इथेच आहे. बुलेट! फेब्रुवारी 1948 मध्ये कोलमोर कप नावाच्या ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने मागच्या चाकाला स्विंगआर्म (चाकासकट वर-खाली हलणारा दांडा) आणि शॉकअप असलेली नवी बुलेट उतरवली. तोवर ट्रायल्सवाल्यांचं ठाम मत होतं की मागचं चाक फ्रेमला घट्ट बांधलेलंच बरं, तरच पकड मिळते. पुढे जॉनी ब्रिटन याच बुलेटवर 1952 आणि 1957 मध्ये स्कॉटिश सिक्स डेज जिंकला. म्हणजे कोल्हापुरात लग्नाच्या वरातीपुढे धडधडत जाते, त्या गाडीचं बालपण शेवाळलेल्या दगडांवर गेलंय. कंपनीने 2019 मध्ये भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाचं मॉडेलही आणलं होतं: एकच सीट, वर उचललेला सायलेन्सर, खाचांचे टायर. दिसायला ट्रायल्स, वजनाला बुलेटच.

वजनाचा हा मुद्दा 1965 मध्ये कायमचा निकाली निघाला. सॅमी मिलर नावाचा उत्तर आयर्लंडचा स्वार ब्रिटिश फोर-स्ट्रोक एरिअल सोडून बुल्ताको या स्पॅनिश कंपनीकडे गेला, त्यांच्यासाठी शेर्पा टी ही हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली आणि त्या वर्षीची स्कॉटिश सिक्स डेज तिच्यावर जिंकली. जड ब्रिटिश गाड्यांचं राज्य तिथून ओसरलं आणि खेळाचं केंद्र स्पेनकडे सरकलं. आजही बऱ्याच गाड्या कॅटलोनियाच्या आसपासच्या: गॅसगॅस, मोंतेसा, टीआरएस. इटलीची बेटा आणि फ्रान्सची शेर्को ही आणखी दोन नावं. जागतिक अजिंक्यपद 1975 मध्ये सुरू झालं आणि पहिला विजेता यॉर्कशरचा मार्टिन लॅम्पकिन. त्याचा मुलगा डगी बारा वेळा जगज्जेता झाला, आणि 2016 मध्ये त्याने आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीचा साठ किलोमीटरचा अख्खा रस्ता फक्त मागच्या चाकावर पार केला. स्पेनच्या टोनी बोऊने 2007 पासून मोकळ्या मैदानातलं आणि बंदिस्त स्टेडियममधलं अशी दोन्ही अजिंक्यपदं दरवर्षी घ्यायला सुरुवात केली. 2024 अखेर ती 36 झाली होती. बायकांमध्ये लाइया सान्झने दहाहून जास्त वेळा अजिंक्यपद घेतलं आणि नंतर डकार रॅलीही गाजवली. बोऊचे व्हिडिओ जरूर बघा, पण त्यावरून खेळाचा अंदाज बांधू नका. गल्लीतलं क्रिकेट आणि वानखेडे यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे आहे.

गाडी अशी विचित्र का असते

ट्रायल्सची गाडी पहिल्यांदा पाहिली की वाटतं, काहीतरी काढून ठेवलंय. सीट नाही, कारण बसायचंच नाही. टाकी दोन-तीन लिटरची. आरसे नाहीत. सुरू करायला बहुतेकींना किकच. इंजिनाखाली ॲल्युमिनियमची जाड पाटी, कारण गाडी दगडावर पोट घासत जाणार. वजन सत्तर किलोच्या आसपास. आपली स्प्लेंडर एकशे दहाच्या घरात, नवी हिमालयन दोनशेच्या जवळ.

हे वजन इतकं महत्त्वाचं का, हे मला कळायला वर्ष गेलं. माझं वजन 62 किलो. गाडी 70. म्हणजे एकूण वजनात जवळजवळ निम्मी मी. मी ढुंगण मागे नेलं की पुढचं चाक हलकं होतं, गुडघा बाहेर काढला की गाडी दुसऱ्या बाजूला कलते. गाडीला सुकाणू दोन: एक हँडल, दुसरं माझं शरीर. हिमालयनवर मी एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढीच भरते, तिथे गाडी म्हणेल ती पूर्व दिशा.

टायरचं गणित याहून मजेदार आहे. रस्त्यावरच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात आपण साधारण तीस पीएसआय हवा भरतो. ट्रायल्समध्ये मागच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय असते, पुढच्यात थोडी जास्त. टायर इतका मऊ की अंगठ्याने दाबला तर आत जातो. कच्चा हिशेब करू. मागच्या चाकावर सत्तर किलो भार धरला तर तीस पीएसआयला जमिनीला टेकणारा रबराचा तुकडा साधारण तेहतीस चौरस सेंटिमीटर होतो, साधारण दोन काडेपेट्यांएवढा. चार पीएसआयला तोच अडीचशे चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो, बोटांसकट दोन तळहातांएवढा. टायरच्या कडांचा स्वतःचा ताठपणा धरला तर प्रत्यक्षात आकडा कमी भरेल, पण कल्पना आली असेल. हा मऊ तळहात दगडाच्या उंचवट्याला कवेत घेतो. ओल्या शेवाळावर मात्र कसलीच पकड पुरत नाही. तिथे सरळ रेषा, स्थिर रेस आणि देवाचं नाव.

गिअरमध्ये पहिले दोन-तीन इतके ‘लो’ असतात की पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने रांगते आणि बंद पडत नाही. इंजिनाचं फ्लायव्हील जड असतं, म्हणून रेस सोडली तरी ते धक्का न देता फिरत राहतं. वरचे गिअर एका सेक्शनपासून दुसऱ्याकडे जायला.

आणि क्लच. ड्रायव्हिंग स्कूलवाले सर ओरडायचे, ‘हाफ क्लचवर चालवू नका, प्लेटा जळतील!’ ट्रायल्समध्ये अख्खा खेळ हाफ क्लचवर आहे. प्लेटा तेलात बुडालेल्या असतात आणि त्याच कामासाठी बनवलेल्या असतात. क्लचवर एकच बोट, पुढच्या ब्रेकवरही एकच; बाकी बोटं हँडल धरायला. इंजिनला थोडी जास्त रेस द्यायची आणि क्लचच्या एका बोटाने ती चमच्या-चमच्याने चाकाकडे सोडायची. नवशिक्याचा हात याच्या उलट चालतो: क्लच पूर्ण सोडलेला आणि रेस कमी-जास्त. मग गाडी हिसके देते, हिसक्याने तोल जातो, तोल गेला की पाय.

तोल म्हणजे नेमकं काय

चालत्या दुचाकीचा तोल कसा राहतो, याचं सोपं उत्तर असं: गाडी ज्या बाजूला पडायला लागते त्या बाजूला आपण नकळत हँडल वळवतो आणि चाकं पुन्हा वजनाखाली आणतो. वेग असला की ही दुरुस्ती लगेच होते. वेग कमी झाला की चाकं वजनाखाली यायला वेळ लागतो, तोवर गाडी पडलेली असते. म्हणून हळू जाणं अवघड. स्लो सायकलवाला तो किडकिडीत मुलगा हँडल सारखं का झुलवायचा, ते आता कळेल.

जागच्या जागी तोल धरायचा असेल तर हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं. डावीकडे वळवलंय असं धरा. आता गाडी एक इंच पुढे सरकली की पुढच्या चाकाचा टेकलेला बिंदू डावीकडे सरकतो, एक इंच मागे आली की उजवीकडे. म्हणजे पुढे-मागे करण्याची ताकद डावी-उजवीकडे वापरता येते. हलका चढ असेल तर आणखी सोपं, कारण मागे यायला काहीच करावं लागत नाही, ब्रेक जरा सैल सोडला की झालं. मी हे इंजिन बंद ठेवून, घरामागच्या अंगणात, पुढचं चाक भिंतीला टेकवून शिकले. पहिल्या आठवड्यात तीन सेकंद. महिन्याने वीस. शेजारीणबाई रोज खिडकीतून बघायच्या, एक दिवस विचारलंच, ‘गाडी बिघडली आहे का?’

मग हळू वळणं. इथे रस्त्यावरची सवय मोडावी लागते. रस्त्यावर वेगात वळताना आपणही गाडीबरोबर आत झुकतो. ट्रायल्समध्ये गाडी आत झुकवायची आणि आपण बाहेर राहायचं: बाहेरच्या फूटरेस्टवर सगळं वजन, आतला गुडघा वाकलेला, हँडल अगदी टोकापर्यंत. आडव्या उतारावर वळायचं असेल तर दरीकडच्या फूटरेस्टवर वजन द्यायचं. मन नेमकं उलटं सांगतं, डोंगराकडे झुक म्हणतं. डोंगराकडे झुकलं की टायर खालून निसटतो. हा विश्वास पुस्तकातून येत नाही, दहा वेळा घसरल्यावर येतो.

ओंडका ओलांडणं हा पुढचा धडा. चालण्याच्या वेगाने सरळ, अगदी काटकोनात जा. ओंडक्याच्या हातभर आधी गुडघे वाकवून शॉकअप दाबा, त्याच क्षणी थोडी रेस आणि क्लच, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल आणि ओंडक्याच्या माथ्यावर टेकेल. टेकलं की रेस बंद. पूर्ण बंद. आता वजन पुढे न्या, गुडघे सैल सोडा, मागचं चाक आपल्या गतीने चढून येईल. नव्वद टक्के चुका ‘रेस बंद’ या पायरीवर होतात. घाबरलेला हात उलट रेस पिळतो, मागचं चाक ओंडक्यावर आपटून उसळतं, आणि स्वार हँडलवरून पुढे. मी त्या वाटेने दोनदा गेले आहे.

या सगळ्याइतकंच महत्त्वाचं काम गाडीवरून उतरून करायचं असतं: सेक्शन चालून बघणं. नवशिका नुसता पुढच्या चाकाचा रस्ता बघतो. मागचं चाक वळणात आतल्या बाजूने येतं, म्हणून दगड चुकवला असं वाटतं आणि मागून धक्का बसतो. तेव्हा चालताना दोन रेषा डोक्यात ठेवायच्या. कुठला दगड हलतो ते बुटाने ढकलून बघायचं. शेवटची खूण कुठे आहे, हेही बघायचं. कारण अवघड भाग संपला की सगळे सैल होतात आणि पाच बहुतेकदा शेवटच्या दोन मीटरमध्ये मिळतात. तिसऱ्या फेरीपर्यंत पन्नास जणांनी तोच ओढा तुडवलेला असतो, दगड सरकलेले असतात, पलीकडच्या काठावर चिखलाचं लोणी झालेलं असतं. म्हणून प्रत्येक फेरीला पुन्हा उतरायचं, पुन्हा बघायचं.

पैसा, सामान आणि जखमा

इंग्लंडातला हिशेब सांगते. नवी गाडी सहा ते नऊ हजार पौंडांच्या दरम्यान, वापरलेली दीड ते साडेतीन हजारांत बरी मिळते. क्लब स्पर्धेचं शुल्क साधारण वीस पौंडांच्या आसपास, आणि अख्ख्या दिवसात पेट्रोल दोन-तीन लिटर. मोटारस्पोर्ट म्हटलं तर याहून स्वस्त काही मला माहीत नाही. तीनशे सीसीच्या मोहात पडू नका. अडीचशे पुरते, हलक्या माणसाला एकशे पंचवीसही चालते. टू-स्ट्रोक घेतलीत तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागेल. चेतक आणि लुनाच्या जमान्यातल्या मंडळींना तो वास ओळखीचा वाटेल. प्रमाण मात्र कंपनीच्या पुस्तकातच बघा.

वापरलेली घेताना खालची पाटी बघा. ती चेपलेली असणारच, पण फुटलेली नको. मागचं चाक धरून आडवं हलवा, खडखड आली तर बेअरिंग गेलेत. क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये गाडी ओढते का, तेही बघा.

अंगावर: हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे ट्रायल्सचे बूट, हातमोजे. मी सुरुवातीला पावसाळी ट्रेकचे बूट घालून गेले होते आणि फूटरेस्टने नडगी सोलून काढली. बुटांत पैसे वाचवू नका. मनगटाला एक दोरी बांधायची, तिच्या टोकाला लोहचुंबक असतो. तुम्ही पडलात की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. हातातून सुटलेली गाडी एकटीच रेस घेत दगडावर चढताना पाहिलीत की या दोरीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

वेग कमी म्हणून जखमा कमी आणि छोट्या: मनगट, घोटा, नडगी, पाठ. खरा धोका वेगळ्याच जागी आहे, साखळी आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे साखळीच्या दातेरी चकतीत. काही जण स्टँडवर गाडी चालू ठेवून, चाक फिरत असताना फडक्याने साखळी पुसतात. फडकं ओढलं जातं आणि बोटही. पडून झालेली जखम भरते, बोट परत येत नाही. स्प्रॉकेटपाशी खाली शार्कच्या परासारखी प्लास्टिकची पट्टी असते ती त्यासाठीच. वापरलेल्या गाडीवर ती नसेल तर आधी बसवा. साखळी पुसायची ती इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवून.

महाराष्ट्रात कुणाला करायचं असेल तर

इथे जसे दर रविवारी गावोगावी क्लब भरतात, तसं तिकडे नाही. ट्रायल्सची गाडी शोरूममध्ये जाऊन सहज उचलावी अशीही मिळत नाही. परदेशातून आणायची तर जकातीसकट किंमत डोळे पांढरे करते. रस्त्यासाठी तिची नोंदणी होत नाही, म्हणून पिकअपमधून न्यावी लागते. पण खेळाचा ऐंशी टक्के भाग तोल आणि क्लच आहे आणि तो कुठल्याही हलक्या जुन्या मोटारसायकलवर शिकता येतो. एखादी जुनी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी घ्या, मागचं स्प्रॉकेट दोन-चार दात्यांनी मोठं बसवून घ्या म्हणजे गिअर ‘लो’ होतील, फूटरेस्ट मजबूत करा, सरावापुरती हवा कमी करा. ट्यूबवाल्या टायरला चार पीएसआय झेपणार नाही, ट्यूब फिरून व्हॉल्व्ह तुटेल. पंधराच्या खाली जाऊ नका. रस्त्यावर यायच्या आधी हवा पुन्हा भरा.

जागेबाबत माझं मत ठाम आहे: गड-किल्ल्यांच्या वाटा, वनखात्याची जमीन आणि सडे यांच्या वाट्याला जायचं नाही. किल्ल्यांच्या पायऱ्यांवर गाडी चढवून व्हिडिओ टाकणाऱ्यांमुळे सगळ्यांचं नाव खराब होतं, आणि कासच्या पठारावर जो बोटभर मातीचा थर असतो तो एका चाकाने गेला की परत यायला किती वर्षं लागतील देव जाणे. मित्राच्या शेतातला पडीक तुकडा, मालकाची परवानगी असलेली बंद पडलेली खाण, एवढं पुरतं. ट्रायल्सला जागा लागतेच किती? दोन गुंठ्यांत महिनाभराचा सराव होतो. कोकणातला जांभा टायरला सँडपेपरसारखा धरतो, सुरुवातीला उत्तम. घाटावरचा काळा कातळ उन्हाळ्यात छान, पण पहिल्या पावसानंतर शेवाळ धरला की त्याच्यापासून लांब राहा.

गाडीही नको असेल तर सायकल आहेच. जोर्दी तारेस हा स्पॅनिश स्वार सायकल ट्रायल्समधून मोटारसायकलकडे आला आणि सात वेळा जगज्जेता झाला. सीट खाली करा, पार्किंगमध्ये चार विटा ठेवा, त्यांच्यामधून उभ्याने आठ काढा. जमला की विटा वीतभर जवळ आणा.

इंग्लंडात किंवा युरोपात असाल तर गाडी घ्यायच्या आधी एक काम करा. जवळच्या क्लबला कळवा की एका रविवारी ऑब्झर्व्हर म्हणून उभं राहायला तयार आहात. स्वयंसेवक त्यांना नेहमीच कमी पडतात, नवख्यालाही आनंदाने घेतात. हातात पंच देतात, एक सेक्शन नेमून देतात. प्रत्येक स्वार कार्ड पुढे करतो आणि तुम्ही शून्य, एक, दोन, तीन किंवा पाचच्या चौकटीला भोक पाडता. साठ माणसं, चार फेऱ्या: एकाच दगडावरून अडीचशेच्या आसपास वेळा गाडी जाताना दिसते. दुपारपर्यंत तुम्हाला कोण पडणार हे त्याने क्लच सोडायच्या आधीच कळायला लागतं. थर्मासमध्ये चहा न्या, बसायला काहीतरी न्या, आणि सेक्शनच्या खालच्या बाजूला उभे राहू नका, गाड्या तिकडेच घरंगळतात.